झाड शाबूत आहे

एका घरात दोन सुना, आणि दोघी एकाच इस्पितळात कामाला. हे ज्याने कुणी जुळवून आणलं त्याला संसाराचा अनुभव नसावा. जावा-जावा आणि उभा दावा, ही म्हण काही उगाच रूढ झालेली नाही. तरी या दोघींचं नऊ वर्षं बरं चाललं होतं. थोरली तळमजल्यावर नोंदणीत बसायची, धाकटी तिसऱ्या मजल्यावर संगणक विभागात, आणि मध्ये दोन मजले भरून माणसं, खाटा आणि फिनेलचा वास होता. एवढं अंतर घरातही असतं तर किती बरं झालं असतं, असं दोघींचे नवरे गमतीने म्हणत.

थोरलीचं काम दिसायला सोपं होतं. नवा रुग्ण आला की त्याला नंबराचं कार्ड मिळे. मग तो, किंवा त्याच्याबरोबरचं माणूस, एक कागद भरून देई. नाव, वय, पूर्वीचे आजार, आणि सगळ्यात खाली लाल चौकटीत, कुठलं औषध सोसत नाही ते. थोरली हा कागद जसाच्या तसा संगणकात उतरवायची, मग कागदाच्या कोपऱ्यात हिरव्या पेन्सिलीने बरोबरची खूण करायची आणि तो गठ्ठ्यात टाकायची. बाई नाकासमोर चालणारी. आधी खूण आणि मग काम, असं चौदा वर्षांत तिच्या हातून झालं नव्हतं. घरी गॅस बंद केल्यावरसुद्धा ती "बंद केला" असं मोठ्याने म्हणायची, कुणी ऐकायला असो वा नसो.

धाकटी हुशार होती. हे तिलाही माहीत होतं, आणि सगळा घोळ तिथेच होता.

एका मंगळवारी दुपारी बाजारातला घड्याळवाला दुकानातच कोसळला. अंगात सणसणीत ताप, शुद्ध नाही. शेजारच्या दुकानदारांनी त्याला उचलून इस्पितळात आणलं. खिशात इस्पितळाचं कार्ड निघालं, नंबर ५२१६. तातडीच्या खिडकीवर नंबर टाकला तर पडद्यावर आलं, "अशी नोंद नाही." तो संगणक जुन्या वळणाचा, नंबर दिला तरच माहिती द्यायचा, नावाने विचारायची सोय त्यात नव्हती. डॉक्टरांनी अशा तापात जे इंजेक्शन कुणालाही दिलं असतं तेच दिलं. दहा मिनिटांत घड्याळवाल्याचा घसा आतून सुजला आणि श्वास अडकला. त्याला यंत्रावर ठेवावं लागलं. बायको धावत आली ती एकच वाक्य घेऊन आली, "मी लिहून दिलं होतं हो, लाल चौकटीत लिहून दिलं होतं."

गठ्ठे उपसले. कागद सापडला. लाल चौकटीत त्याच औषधाचं नाव स्वच्छ अक्षरात, आणि कोपऱ्यात थोरलीची हिरवी खूण. झालं. कागद आला, खूण झाली, नोंद मात्र नाही. याचा अर्थ थोरलीने न भरताच खूण ठोकली. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं सगळे म्हणाले.

चौकशी गुरुवारी झाली. नोंदणीचे साहेब चौकशीला बसले. त्यांना मागे सगळे 'बघू साहेब' म्हणत, कारण रजा मागा, पंखा मागा, खुर्ची मागा, उत्तर एकच असे, "बघू." त्या दिवशी मात्र त्यांच्या तोंडून तो शब्द एकदाही आला नाही. एका बाजूला टंकलेखिका बसलेली, दुसऱ्या बाजूला थोरली. थोरली म्हणाली, "मी भरलं होतं." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "साहेब, मी भरलं होतं." तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा तिचा आवाज चिरकला. टंकलेखिकेने तिन्ही वेळा की-बोर्डवरचे हात उचलून धरले होते.

मग धाकटीला वरून बोलावलं.

"एखादी नोंद आत आहे, पण शोधल्यावर सापडत नाही, असं होऊ शकतं का?" साहेबांनी विचारलं.

हे होऊ नये म्हणून तर धाकटीने खास तपासणी लिहिली होती. त्या संगणकात नोंदी झाडासारख्या लावलेल्या होत्या. एक नंबर सगळ्यात वर, त्याच्याहून लहान नंबर डाव्या फांदीला, मोठे उजव्या फांदीला. पुढे प्रत्येक फांदीवर पुन्हा तोच नियम. एखादा नंबर शोधायचा तर वरून सुरुवात करायची, लहान असला तर डावीकडे उतरायचं, मोठा असला तर उजवीकडे, की नेमक्या जागी पोचता. पण एखादी नोंद चुकीच्या फांदीवर बसली, तर शोधणारा तिकडे कधी फिरकतच नाही. म्हणून धाकटीची तपासणी रोज सकाळी सगळं झाड फिरून बघे आणि एक ओळ छापून देई, "झाड शाबूत आहे." त्या ओळीखाली सही करून ती कागद फाइलला लावायची. दोन वर्षांत तपासणीने दोनदा चूक पकडली होती, दोन्ही वेळा धाकटीने ती नीट केली होती, आणि तेव्हापासून तिचा त्या ओळीवर देवासारखा विश्वास होता.

"नाही," धाकटी म्हणाली. "मी रोज तपासते. मंगळवारीही तपासलं होतं. झाड शाबूत आहे."

बोलताना ती साहेबांकडे बघत होती. थोरलीकडे बघणं तिने टाळलं. आपली जाऊ आहे म्हणून आपण बाजू घेतोय असं कुणाला वाटू नये, एवढंच त्या वेळी तिच्या मनात होतं. टंकलेखिकेने हे वाक्य लगेच टाइप केलं.

निर्णय सोमवारी देऊ, तोवर घरी बसा, असं साहेबांनी थोरलीला सांगितलं. आणि घड्याळवाल्याचं काही बरंवाईट झालं तर प्रकरण इस्पितळाच्या हातात राहणार नाही, पोलीस येतील, हेही सांगितलं. थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं. ती टेबलावरची हिरवी पेन्सिल तिथेच ठेवून निघाली.

घरात पुढचे तीन दिवस कसे गेले ते विचारू नका. भांड्यांचासुद्धा आवाज होत नव्हता. दोन्ही भाऊ गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीविषयी बोलत राहिले, जणू ती टाकी त्या आठवड्यात फुटणारच होती. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "आपलेच दात आणि आपलेच ओठ. कुणाला बोलायचं?" थोरली पानावर बसायची आणि उठायची, मधलं जेवण नसायचं. धाकटीला तिची दया येत होती, हे खरं. पण त्या दयेत एक खात्रीही होती, की बिचारीच्या हातून चूक झाली आहे आणि ती कबूल करवत नाही.

शनिवारी थोरलीची कॉलेजात जाणारी मुलगी धाकटीच्या खोलीत आली. दार लोटून घेतलं आणि म्हणाली, "काकू, एक विचारू? आई खोटं बोलतेय का?"

"खोटं नाही गं," धाकटी समजुतीच्या सुरात म्हणाली. "कामाच्या गडबडीत विसरली असेल. होतं असं माणसाचं."

दार उघडल्यावर बाहेर थोरली उभी होती, हातात वाळलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन. तिने धाकटीचे कपडे वेगळे काढले, तिच्या पलंगावर नीट ठेवले आणि गेली.

रविवारी दुपारी सगळे पडलेले असताना थोरली स्वयंपाकघरात आली. धाकटी चहा टाकत होती. थोरलीने गेल्या महिन्याचं कॅलेंडरचं पान उलटं करून टेबलावर पसरलं आणि पेन पुढे केलं.

"मला ते झाड दाखव."

"ताई, आता कशाला त्रास करून घेता?"

"चौदा वर्षांची नोकरी त्या झाडाला टांगलीय माझी. निदान ते दिसतं कसं ते तरी बघू दे."

धाकटीने उसासा टाकला आणि पेन घेतलं. पानाच्या वरच्या बाजूला पन्नास लिहिला. खाली डावीकडे तीस, उजवीकडे सत्तर. तीसच्या खाली डावीकडे वीस, उजवीकडे चाळीस. मध्ये रेघा ओढल्या.

"हे झाड? मूळ वर आणि फांद्या खाली?"

"संगणकात असंच काढतात."

"उलट्या काळजाचं दिसतंय," थोरली म्हणाली. नेहमीचे दिवस असते तर दोघी हसल्या असत्या. "आणि तू रोज काय तपासतेस?"

"प्रत्येकाला त्याच्या बापाशी ताडून बघते. म्हणजे वर जो आहे तो बाप. डावीकडचं पोर बापाहून लहान पाहिजे, उजवीकडचं मोठं पाहिजे. वीस तीसहून लहान, ठीक. चाळीस तीसहून मोठा, ठीक. तीस पन्नासहून लहान, ठीक. असं एकूणएक बघते. एकही सोडत नाही."

थोरली रेघांवरून बोट फिरवत गेली. मग म्हणाली, "आणि नंबर चुकला म्हणून मी दुरुस्ती केली तर?"

ही दुरुस्तीची सोय धाकटीनेच करून दिलेली. पूर्वी नंबराचा एक आकडा चुकला तरी सगळी नोंद पुसून पहिल्यापासून भरावी लागे. थोरलीची बोटं दुखायची. म्हणून धाकटीने पडद्यावर एक खिडकी बनवून दिली, जुना नंबर टाका, नवा टाका, बटण दाबा.

"दुरुस्ती केली की नुसता नंबर बदलतो, नोंद जागेवरच राहते. तपासणी तेही बघते," धाकटी म्हणाली.

थोरलीने पेन घेतलं, चाळीसवर काट मारली आणि तिथे साठ लिहिला. "हा आता साठ झाला. बापाला चालतो?"

"तीसहून मोठा आहे. चालतो."

"आणि आजोबांना?"

"काय?"

"अगं, पन्नासाच्या डाव्या हाताला साठ बसलाय की." थोरलीच्या आवाजात हुशारी नव्हती, होता तो साठलेला वैताग. "मी या घरात आले तेव्हा आजेसासूबाई होत्या. सासूबाईंना विचारून मी एखादी गोष्ट करायची, तर वरून आजेसासूबाईंचा आवाज यायचा, 'मला कुणी विचारलं?' सासूला चाललं म्हणजे आजेसासूला चालतं असं नसतं बाई. तुला नाही माहीत, तू आलीस तेव्हा त्या नव्हत्या. तुझ्या झाडातही बापालाच विचारतात वाटतं."

चहा उतू गेला. धाकटीने गॅस बंद केला नाही, थोरलीने केला.

धाकटीने कागद स्वतःकडे ओढला. साठ शोधायचा तर पन्नासपाशी काय होईल? साठ मोठा, म्हणून शोधणारा उजवीकडे जाईल, सत्तरपाशी. तिथे साठ नाही. संगणक म्हणेल, अशी नोंद नाही. साठ मात्र डावीकडे, तीसच्या कुशीत सुखाने बसलेला असेल. आणि तिची तपासणी त्याला रोज सकाळी विचारेल, बापाहून मोठा आहेस ना? मग ठीक. झाड शाबूत आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि त्या वळशावर रोज तिची सही.

हे तिला माहीत नव्हतं असंही नाही. कॉलेजात हा प्रश्न परीक्षेला हमखास यायचा. नुसतं बापाशी ताडू नका, वरून चालत आलेल्या मर्यादा प्रत्येकाला लावा, असं सर फळ्यावर लिहून द्यायचे. तिने तो प्रश्न बरोबर सोडवला होता. पण इस्पितळात तपासणी लिहिताना घाई होती, सोपं तेच सुचलं, आणि दोनदा चूक पकडल्यावर पुन्हा उघडून बघावंसं तिला वाटलं नाही.

"काय झालं?" थोरलीने विचारलं. "अशी पांढरी का पडलीस?"

"मी जाऊन येते," म्हणून धाकटी चपला घालून निघालीच.

रविवारी संगणक विभागात कुणी नसतं. तिने दार उघडलं, दिवे लावले आणि उभ्याउभ्याच लिहायला घेतलं. नवी तपासणी जेमतेम दहा ओळींची होती. वरून उतरताना प्रत्येक नोंदीला दोन मर्यादा द्यायच्या, याहून खाली नको आणि त्याहून वर नको. डावीकडे उतरलं की वरची मर्यादा आवळायची, उजवीकडे उतरलं की खालची. बापाने आजोबांची मर्यादा पोराला सांगायची, पोराने नातवाला. कुणाचीही मर्यादा मध्येच सोडायची नाही. तिने बटण दाबलं आणि पडद्यावर नंबर उमटू लागले. एक, दोन, पाच, नऊ. बारा नोंदींवर ते थांबलं.

सातवा नंबर ५२१६ होता. ४१९०च्या उजव्या हाताला बसलेला, आणि ४१९० स्वतः ४६४०च्या डाव्या हाताला. घड्याळवाल्याचं नाव, वय, आणि लाल चौकटीतलं औषधाचं नाव, अक्षर न अक्षर बरोबर. खाली नोंद भरल्याची तारीख सात महिन्यांपूर्वीची. त्याच दिवशी चार मिनिटांनी दुरुस्ती झालेली होती, ४२१६चे ५२१६. चारच्या जागी पाच. थोरलीने चूक केली होती, चार मिनिटांत तिला ती दिसली होती, आणि तिने धाकटीने दिलेल्या खिडकीतून ती सुधारली होती. बस, एवढंच तिने केलं होतं.

धाकटीने बाकीच्या अकरा नोंदी उघडल्या. अकराव्या नोंदीतही लाल चौकट भरलेली होती. चार वर्षांची मुलगी. तिला काय सोसत नाही ते धाकटीने दोनदा वाचलं. ही मुलगी मधल्या काळात तापाने फणफणून आली असती तर? धाकटीने आणखी विचार केला नाही. त्या अकराही नोंदी उपटून, वरून शोधत नेऊन, आपापल्या खऱ्या जागी बसवल्या आणि प्रत्येक नंबर टाकून शोधून बघितला. सगळे सापडले.

५२१६ला मात्र तिने हात लावला नाही. घड्याळवाला खालच्या मजल्यावरच होता, त्याच्या खाटेला लाल पाटी टांगलेली होती, आता त्याला ते औषध कुणी देणार नव्हतं. ही एक नोंद चुकीच्या जागी राहणं गरजेचं होतं. आज ती गुपचूप नीट केली आणि उद्या सापडली, तर लोक म्हणतील, धाकट्या जावेने रविवारी येऊन आत घातली. थोरलीवरचा डाग मग जन्मभर पुसला जाणार नाही. झाड मोडलेलंच दाखवायला हवं होतं. ज्याने मोडलं त्याचं नाव सांगायला हवं होतं, आणि ते नाव तिचंच होतं.

घरी आली तेव्हा थोरली पायरीवर बसून होती.

"ताई, नोंद आत आहे."

थोरलीने मान वर केली.

"तुम्ही भरली त्या दिवसापासून आहे. माझी तपासणी चुकीची होती. मी फक्त बापाशी ताडून बघत होते."

"म्हणजे मी भरली होती," थोरली म्हणाली.

"हो."

"मी म्हणतच होते." ती उठली, आत गेली, आणि सकाळचं जे काही झाकून ठेवलेलं होतं ते वाढून घेऊन जेवली. चार दिवसांनी ती पोटभर जेवत होती. जेवताना तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायला ती थांबत नव्हती.

सोमवारी साहेबांसमोर धाकटीने आधी ५२१६ शोधून दाखवला. अशी नोंद नाही. मग सगळ्या नोंदी झाडातल्या क्रमाने ओळीने छापून दाखवल्या. आकडे चढत चालले होते, आणि ४१९०च्या पुढे एकदम ५२१६, त्याच्यापुढे पुन्हा ४६४०. साहेबांनी चष्मा काढून कागद डोळ्यांजवळ नेला.

"तारीख काय, बदलता येते," ते म्हणाले. "तुम्ही दोघी एका घरातल्या."

"नोंदींची दर महिन्याची प्रत तुमच्याच कपाटात असते साहेब, तुमच्या किल्लीत. सात महिन्यांपूर्वीची काढा."

प्रत काढली. त्यातही तीच नोंद, त्याच चुकीच्या फांदीवर. साहेब खुर्चीत मागे टेकले. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, आणि त्यांचा जुना शब्द परत आला. "बघू," ते म्हणाले. "बघू काय करता येतं ते."

ते टंकलेखिकेकडे वळले. "लिहा. तांत्रिक कारणामुळे सदर नोंद शोधात आढळली नाही. यात कोणाही कर्मचाऱ्याचा दोष दिसून येत नाही. प्रकरण बंद." मग दोघींकडे बघून ते मवाळपणे म्हणाले, "कालपासून घड्याळवाला स्वतः श्वास घेतोय. आवाज बसलाय त्याचा, पण वाचला. ताई, तुम्ही उद्यापासून कामावर या. आणि तुम्ही ती तपासणी नीट करा. कशाला कुणाचं वाईट?"

धाकटीने सांगायचं ठरवून आणलेलं सगळं तिच्या ओठांवर होतं. पण साहेबांचं वाक्य ऐकलं आणि तिला एकदम सुटल्यासारखं वाटलं. थोरली सुटली होती, घड्याळवाला वाचला होता, आणि तिची नोकरी शाबूत होती. यात कुणाचं काय बिघडत होतं? ती गप्प राहिली. क्षणभरच राहिली असेल, पण राहिली. थोरली तिच्याकडे बघत होती.

"साहेब, मला हे चालणार नाही," थोरली म्हणाली.

"अहो, तुम्ही निर्दोष आहात असंच लिहितोय."

"कुणाचा दोष नाही असं लिहिताय. बाहेर लोक काय म्हणतील? जावेने सांभाळून घेतलं म्हणतील. गुरुवारी मी तीन वेळा सांगितलं, मी भरलं होतं. या बाईंनी एकदाही लिहिलं नाही. ते आधी लिहा." तिने श्वास घेतला. "आणि तुम्ही हिला विचारलं होतं, असं होऊ शकतं का. ही नाही म्हणाली होती. ते लिहिलेलं आहे. ते खोडू नका. त्याच्याखाली लिहा, की ते चूक होतं."

टंकलेखिकेचे हात पुन्हा हवेत थांबले. या वेळी ती धाकटीकडे बघत होती.

"असं लिहिलं तर मला वर पाठवावं लागेल," साहेब धाकटीला म्हणाले. "चौकशी तुमच्यामागे लागेल. नोकरीचं मी काही सांगू शकणार नाही. नीट विचार करा."

धाकटीला आता थोरलीकडे बघावंच लागलं. त्या चेहऱ्यावर सूड नव्हता. सूड असता तर तिला सोपं गेलं असतं.

"लिहा," ती म्हणाली. "तपासणी माझी होती, दुरुस्तीची खिडकी माझी होती. मला विचारलं तेव्हा मी बघून सांगते म्हणायला हवं होतं. मी न बघता नाही म्हणाले."

टंकलेखिकेने आधी थोरलीचं 'मी भरलं होतं' टाइप केलं, मग धाकटीची तिन्ही वाक्यं. कागद बाहेर आला. खाली धाकटीने सही केली, रोज सकाळी करायची तशीच.

बाहेर पडल्यावर दोघी थांब्यापर्यंत चालत गेल्या. थोरलीला साहेबांनी उद्यापासून यायला सांगितलं होतं, धाकटीला पुढचं पत्र येईपर्यंत घरी राहायला. थांब्यावर सावली नव्हती.

"राग आला माझा?" थोरलीने विचारलं.

"नाही ताई."

"मला आलाय. कालपासून गिळायला बघतेय, गिळला जात नाही." ती रस्त्याकडे बघत बोलत होती. "गणित चुकलं तुझं, ते मी समजू शकते. माझाही आकडा चुकलाच होता की. पण नऊ वर्षं मला ओळखतेस तू. गॅस बंद केला तरी चारदा सांगणारी बाई मी. त्या दिवशी तुला विचारलं तेव्हा तू माझ्याकडे एकदा बघितलंसुद्धा नाहीस. आणि माझ्या पोरीला सांगितलंस, विसरली असेल."

"ताई, मला..."

"आत्ता नको. आत्ता माफी मागशील तर मला असू दे म्हणावं लागेल. तेवढं माझ्याच्यानं होणार नाही."

बस आली. थोरली पुढच्या बाकावर बसली, धाकटी तिच्यामागे दोन बाकं सोडून. उतरायचं दोघींना एकाच थांब्यावर होतं.